उलटी बसवलेली शिम

सर, काल मला तुमचाच राग आला. तुम्ही आज हयात असतात तर तोंडावर बोलायची हिंमत झाली नसती. आयटीआयमध्ये चाकांचं अलाइनमेंट शिकवलंत, तेव्हाच मला नापास करून घरी पाठवलं असतंत तर बरं झालं असतं, असं काल दिवसभर वाटत राहिलं.

माझ्या गॅरेजवर लोधीपुऱ्यातल्या एक मॅडम येतात. नेपानगरला शाळेत शिकवतात. पंचेचाळिशीत गाडी शिकल्या. घरचे हसले तरी शिकल्या, आणि रोज स्वतः चालवत शाळेत जायला लागल्या. गेल्या वर्षी त्यांच्या गाडीचं मागचं डावं चाक खड्ड्यात आपटलं. दुरुस्ती मीच केली. तेव्हापासून ते टायर आतल्या बाजूने झिजायला लागलं. बाहेरून बघावं तर नक्षी नव्यासारखी, आत हात घातला की गुळगुळीत. नवीन टायर टाकलं, तेही चार महिन्यांत गेलं. मी हवा बघितली, मागचं टायर पुढे आणि पुढचं मागे करून दिलं. स्टिअरिंग थोडं वाकडं राहायचं, ते पुढच्या रॉडवरून सरळ केलं. शहरातल्या मोठ्या मशीनवर गाडी नेली तर तिथला माणूस म्हणाला, "पीछे का तो फिक्स आता है भैया, आगे का कर दिया." मीही मान हलवली. तिसऱ्या टायरच्या तारा दिसायला लागल्या तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हणालो, "मॅडम, टायरमध्ये खराबी नाही, चालवण्यात आहे. वळणावर ब्रेक दाबता तुम्ही." त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "असेल हो भाऊ. मला कुठे लहानपणापासून येतं?" गाडी माझ्याकडे सोडून गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून रेल्वेने जायला लागल्या.

तुमची ती पत्र्याची शेड मला अजून दिसते. मधोमध एक जुनी गाडी उभी आहे आणि चाकं एका रेषेत आहेत का बघायला तुम्ही तिच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणताय. मी पुढच्या चाकाशी बसलोय. तुम्ही ओरडता, "अरे भाई, तू पुढेच काय घुसला? स्टिअरिंग पुढे हाये म्हणून? पहिले मागे बघ. मागचं चाक जिकडे ढकलते तिकडे गाडी जाते. ते वाकडं ठेवून पुढचं सरळ केलं तर काय फायदा?" मी म्हणतो, "म्हणजे सर, मागे बघत चालवायची का गाडी?" सगळी बॅच हसते, तुम्हीही हसता. मग तासभर मला मागच्या चाकाशीच बसवून ठेवता. मी तिथे बसून पुढच्यांशी गप्पा मारतो. परीक्षेत तुम्ही मला पास केलंत, सर. का केलंत?

काल काही सुचेना म्हणून मॅडमच्या गाडीला दोरी लावली. मागच्या डाव्या चाकाचं तोंड बाहेर वळलेलं होतं. चांगलं दिसण्याइतकं. चाक खोललं. मागचं चाक जिथे ॲक्सलला बसतं, तिथे मी खड्ड्याच्या दुरुस्तीवेळी एक शिम घातली होती, चाक आत वळवायची तिरपी पत्री. तिची जाड कड मागे पाहिजे. माझ्या हातांनी ती पुढे बसवलेली होती. जो दोष काढायला घातली, तोच तिने दुप्पट केला होता, आणि वरून मी स्टिअरिंग सरळ करून तो झाकून टाकला होता. तीन टायर गेली. शिम फिरवायला अर्धा तास लागला.

संध्याकाळी गाडी घेऊन त्यांच्या घरी गेलो. रस्ताभर एकच वाक्य घोळवत होतो, शिम मीच उलटी बसवली. त्यांचे मिस्टर ओट्यावर बसले होते. "काय उस्ताद, सापडली का बिमारी? मी तर कधीचा म्हणतोय हिला, तू आपली सायकल घे." मॅडम हात पुसत बाहेर आल्या. मी म्हणालो, "मॅडम, तुमचं चालवणं चांगलं आहे. मी उगाच बोललो. दोष गाडीतच होता." त्यांचा चेहरा बदलला, सर. एकदम पुढे आल्या. "काय दोष होता?"

तेव्हा सांगायचं होतं. मिस्टर बघत होते. उद्या ते शनवाऱ्याच्या चौकात चार लोकांत सांगतील, मिस्तरीला मागचं चाक बसवता येत नाही. मी म्हणालो, "नेपानगरला जाताना तो चांदनीकडचा रस्ता खराब आहे ना मॅडम, त्याने चाक वळतं."

"मग तेच झालं ना," मिस्टर हसले. "रस्ता सगळ्यांना तोच. हिलाच कसा नडतो?"

मॅडम एक पाऊल मागे सरकल्या. मी चावी पुढे केली, तर म्हणाल्या, "ठेवा तिथे ओट्यावर."

आज सकाळी गॅरेज उघडत होतो तेव्हा त्या ऑटोत बसून स्टेशनकडे गेल्या. मला बघून हात केला. मीही हात केला. ऑटो थांबवता आला असता, इतका जवळून गेला. आता हे लिहितोय. पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच लिहिता येतंय. तुम्हाला कबूल करणं सोपं आहे, सर. तुम्ही रेल्वेने जात नाही.