मधल्या खांबातला हात

मी, खाली सही करणारी, एका फिटरची बायको आणि दोन मुलांची आई, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय, माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवते. हल्ली मधूनमधून डोळा लागतो, पण डोकं ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी तशी खात्री करून घेतली आहे.

हे घर पोकळ लोखंडी खांबांवर उभं आहे. तुळया आम्ही दोघांनी बोल्टांनी जोडल्या. पोकळ खांबात नट आतून धरावा लागतो, नाहीतर बाहेरून कितीही पाना फिरवा, नट बोल्टाबरोबर नुसता गरगरतो. त्यासाठी खांबाला बाजूने खिडकी ठेवली होती. ह्यांचा पंजा तिच्यात मावेना, म्हणून आत माझा हात असे. आत गार असायचं, वरून वारा उतरायचा, आणि हात आपला राहिला नाही, कुठल्याशा विहिरीत एकटाच पोहतो आहे असं वाटायचं. बोल्ट घालण्याआधी हे रिकाम्या छिद्रातून बोट सरकवून माझ्या बोटाला लावायचे आणि विचारायचे, "आहेस ना?"

मी म्हणायची, "आहे की. जाते कुठे?"

अजूनही दुपारी त्या खांबाला टेकून बसले की ते बोट लागतं.

"वेल्डिंग मारून मोकळे व्हा," म्हणत धाकट्या दिरांनी जन्मभर आमची थट्टा केली. त्यांना माझी खुर्ची द्यावी. तिचा पाय त्यांनीच वेल्ड केला होता, आणि तेव्हापासून ती डुगडुगते.

ह्यांचे पाने थोरल्या लेकीला, बँकेतली शिल्लक धाकट्या लेकाला, घर दोघांना समान. हे गेल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप माझ्यामार्फत जातात. माझ्यामागे निरोप सांगायलाही कोणी उरणार नाही, याची मला फार भीती वाटते. थोरली म्हणते, घराचा माझा अर्धा भाग बोल्ट काढून सोडवून नेते. धाकटा म्हणतो, खुशाल ने.

न्यावा. मात्र गॅसने कापायचं नाही आणि बाहेरचा माणूस आणायचा नाही. आधी तुळईला टेकू द्यावा, मग मधल्या खांबाच्या खिडकीचं झाकण काढावं. आत थोरलीने हात घालावा, तिचा हात माझ्या वळणाचा आहे. बाहेरून पाना धाकट्याने फिरवावा. पहिला बोल्ट निघाला की त्याने छिद्रातून बोट आत घालून विचारावं, "ताई, आहेस ना?"

उत्तर येईपर्यंत बोट काढू नये. त्यानंतरही घर सोडवावंसं वाटलं, तर माझी हरकत नाही.

साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई, समोरचे शिंपीकाका (चष्मा लावून)
सही: तुमची आई
ठिकाण: मधल्या खांबाशी
दिनांक: आजचा, खांबावर ऊन असताना