तळ्यातलं भोक

४ जून २००६
मूल गावाजवळच्या या खेड्यात पोचलो एकदाचा. मच्छीमार सोसायटीच्या तलावाचा नकाशा करायचा, हिस्से पाडायचे, महिन्याभरात नागपूरला परत. खोली ऐसपैस, संगणक धडधाकट, नकाशाचं सॉफ्टवेअर फुकटातलं. फक्त वास. वाळत्या मासळीचा वास जेवण पुरवणाऱ्या रुखमाबाईंच्या डब्यालाही. शी. झिंगे मात्र झकास होते.

७ जून
रुखमाबाईंच्या नवऱ्याने, मनसारामभाऊंनी, डोंग्यातून तलाव फिरवला. मधे एक खांब आहे, त्याच्याभोवती कोणी जाळं टाकत नाई म्हणाले. तेवढं नकाशातून सोडून द्या, कोनाच्याच हिश्श्यात नोको, असं तीनदा बजावलं. काऊन, ते सांगेनात. तिथलं पाणी लाळेसारखं तार धरतं. हात बुडाला. चारदा साबण लावला, चिकट तो चिकटच.

१० जून
नकाशात तेवढं भोक ठेवलं. सेव्ह केलं की बुजतं. पाचदा ठेवलं, पाचदा बुजलं. वैताग. मूलच्या सायबर कॅफेतून सॉफ्टवेअरवाल्यांना फाइलसकट तक्रार धाडली.

१३ जून
जर्मनीतल्या एका भल्या माणसाचं उत्तर आलं. चूक खरीच आहे, आठवड्यात दुरुस्त करतो म्हणे. वाटप उद्या आहे. या घाणीत आठवडाभर कोण थांबतो? बुजलेलाच नकाशा छापला. पेनाने गोल काढता आला असता. कंटाळा केला.

१४ जून
चिठ्ठ्या निघाल्या. खांबाचा हिस्सा मनसारामभाऊंनाच. रुखमाबाई नको म्हणत होत्या. सोसायटी म्हणाली, छापील आहे, जाळं टाकावंच लागते. भाऊंनी चिठ्ठी घडी करून कनवटीला लावली.

१६ जून
दुपारी डोंगा रिकामा लागला. जाळ्यात मासे नाहीत. राखाडी लगदा, त्यात केस. मी तिथेच ओकलो. भाऊ सापडले नाहीत. नागपूरला निघवेना. डबा आला तरी — उघडला नाही.

२० जून
दुरुस्त आवृत्ती आली. भोक टिकतं. पण तलावात नाही — मनसारामभाऊंच्या घरावर. पुन्हा तक्रार धाडली.

२१ जून
त्यांच्या घरातली सारवलेली जमीन तार धरते. रुखमाबाई सावली गावाला माहेरी गेल्या. तुमी बी निघा म्हणाल्या. उत्तर येईपर्यंत थांबतो. चूक माझी —

२२ जून
उत्तर आलं. सॉफ्टवेअर ठीक आहे. भोक तुम्हीच हलवता का, जर्मनीतला तो विचारतो. मी धाडलेल्या फाइलीत त्याला दिसतं ते — माझ्या खोलीवर.

२३ जून
दार चिकटलंय. फरशी मऊ. भोक तलावात ओढलं, सेव्ह — इथंच येतं. वास माझ्याच हाताला. तोच हात. पेन सुटत नाही — खालून कोणी बोलतंय, तीनदा, तेवढं सोडून