रविवारच्या आत लॅपटॉप

११ जाने., रवि.
लॅपटॉप गेला. गेला म्हणजे मेलाच. दुपारी जेवणं आटोपून ईशानबरोबर खेळायला बसले होते. तो पुण्याच्या हॉस्टेलवर, मी इकडे बंगालात भवानीपूरच्या घरी, आणि दोघंही खेळातल्या आमच्या त्या बेटावर. पुलाला लाकडं कमी पडत होती. मी म्हटलं, तू तोड, मी वाहते. हेडफोनमध्ये त्याची कुऱ्हाड थांबली आणि तो म्हणाला, "आई, एक बोलू? रागवणार नाही ना—"
आणि पडदा काळा.
लगेच फोन लावला. "काय म्हणत होतास?"
"काही नाही. असंच."
फोनवर तो हा असाच. हं, हो, जेवलो, ठेवतो. पुण्याला गेल्यापासून माझा मुलगा माझ्याशी जे काही बोलतो ते रविवारी, कुऱ्हाड हातात घेऊन. म्हणून तर मी या वयात तो खेळ शिकले. आधी दर रविवारी बुडून मरायचे.
काय सांगणार होता?

१२ जाने., सोम.
दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि मान हलवली. मदरबोर्ड जळलाय. फोटो नि जुने रिपोर्ट वाचलेत, तेवढंच नशीब. पण बजबजच्या तागाच्या गिरणीतल्या आगीचा रिपोर्ट अर्धवट आहे आणि न्यू टाउनच्या विमा ऑफिसातून सकाळपासून फोनचा भडिमार. हेमंतने कॉलेजचा लॅपटॉप दिला. फिजिक्स शिकवणाऱ्या नवऱ्याचं यंत्र, पण चालतं बैलगाडीसारखं. खेळाचं तर नावच नको, नुसता इन्स्टॉल करायला गेले तरी रुसून बसला.
तर नवा घ्यायचा. हलका हवा, कारण उजवा खांदा धरलाय आणि मला गोदामांच्या शिड्या चढायच्या असतात. दिवसभर टिकणारी बॅटरी हवी. धुळीत मरता कामा नये. आणि बेट चालायला हवं. हलका असतो त्याच्यात दम नसतो, दम असतो तो दगडासारखा जड. दुपारभर वाचलं, डोकं उठलं.

१४ जाने., बुध. संक्रांत.
ई.ला फोन. तिळगूळ घे, गोड बोल म्हटलं. "हं." मित्रांना वाटलास का, पाठवलेल्या वड्या? "हो, वाटल्या." मग "ठेवतो."
हेमंत म्हणतो, "कुठला तरी घे आणि मोकळी हो. सर्व्हे कसला करतेस?"
मी विम्याची सर्व्हेअर आहे. लोकांनी न बघता घेतलेल्या, न तपासता भरलेल्या, 'काही होत नाही हो' म्हणून सोडलेल्या वस्तूंची राख चिवडणं हे माझं काम. माझ्याकडून 'कुठला तरी' होणार नाही. हे त्याला लग्नाआधीपासून माहीत आहे.

१६ जाने., शुक्र.
आमचा इथला चांदनी चौक. दुकानदार घोषबाबू, चांगला माणूस, पण आज मी त्याचा अंत पाहिला. साइटवर वापरते ते तापमापक नेलं होतं, पिस्तुलासारखं दिसणारं. बॅगा मोजायचा काटाही नेला. तीन लॅपटॉप समोर ठेवले. पातळ काळा: दिसायला देखणा, पण जड खेळाची चाचणी लावताच कीबोर्डखाली तव्यासारखा तापला. दुसरा दांडगा: थंड डोक्याचा, मजबूत, पण त्याचा चार्जरच विटेएवढा. खांद्याला लावून बघितला आणि कळ डोळ्यांत आली. तिसरा राखाडी. हलका, पंख्याचा आवाज बेताचा, पाऊण तास ताणला तरी शांत. हाच.
पण हा काउंटरवरचा, दाखवायचा पीस. येणारा-जाणारा प्रत्येक जण बोटं मारून गेलेला. सीलबंद मागवावा लागेल. मग कंपनीने बिजागरी किती वेळा उघडून तपासली आहे, वॉरंटी नक्की कुठल्या तारखेपासून धरणार, पंखा कोण साफ करणार, हे मी विचारायला लागले.
घोषबाबू हात जोडून म्हणाले, "दीदी, आपनि किनबेन, ना केस कोरबेन?"
विकत घेणार की खटला भरणार. बाजूची गिऱ्हाइकं हसली. मला हसू आलं नाही. सीलबंद मागवा म्हटलं. चार दिवसांत येतो म्हणाले.

१७ जाने., शनि.
इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू. न जाऊन चालत नाही. नवीन बदलून आलेल्या बँकवाल्या बायका होत्या, आपल्या गावाकडच्या आठवणींत रमलेल्या. आणि आम्ही इथल्याच, तीन पिढ्यांच्या. साने काकूंनी वाण देता देता विचारलंच, "ईशान रमला ना पुण्यात? बरं केलंत बाई. शेवटी आपल्या माणसांत गेला."
रमला, म्हटलं.
हेच वाक्य आम्ही गेल्या वर्षी घरात किती वेळा म्हटलं असेल. इथे जादवपूरला प्रवेश मिळत असताना. आपल्या माणसांत जाईल, त्याचं मराठी सुधारेल, कुणी 'तुम्ही मूळचे कुठले' विचारणार नाही. मी आणि हेमंत. अगदी एका सुरात. ई. काय म्हणाला होता ते आठवायचा प्रयत्न केला. बहुतेक आम्ही विचारलंच नव्हतं.

१८ जाने., रवि.
लॅपटॉप नाही, बेट नाही. ई.ला मेसेज केला, पुढच्या रविवारी नक्की. उत्तर आलं, 'इट्स ओके.'
ओके नाहीये. दुपारभर घरात नुसत्या येरझारा घातल्या. हेमंतने चहा करून दिला तर त्याच्यावरच खेकसले. संध्याकाळी परत मेसेज: मागच्या वेळी काय सांगत होतास रे? दोन निळ्या खुणा आल्या, बस.

२० जाने., मंगळ.
बजबज. गिरणीच्या मॅनेजरच्या खोलीत हेमंतचा लॅपटॉप मधेच अडकला, वीस फोटो पुन्हा चढवावे लागले. मॅनेजर घड्याळ बघतोय, मी घाम पुसतेय. जानेवारीत!
गोदामात अजून जळक्या तागाचा वास आहे. वरून धड दिसणारी एक गासडी मी फोडायला लावली. मॅनेजर म्हणे, "मॅडम, ती चांगली आहे." आत कोळसा. ताग असाच धुमसतो, धूर नाही की ज्वाळा नाही, बाहेरून हात लावला तर जेमतेम कोमट. हे मी नव्या पोरांना शिकवते. आज तिथे उभी असताना ई.चं 'इट्स ओके' डोक्यात आलं. घाबरले, सरळ लिहिते. दुसरा शब्द नाही.
परतताना घोषबाबूंना फोन. "कालके, दीदी, कालके." उद्या.

२३ जाने., शुक्र. सरस्वती पूजा.
लॅपटॉप आलेला नाही आणि आज सगळं बंद. पाड्यातल्या, म्हणजे गल्लीतल्या, मांडवात सकाळपासून लाउडस्पीकर. पिवळ्या साड्यांतल्या मुली, धोतर सावरत चालणारी मुलं. ई. पण असाच जायचा, गणिताचं पुस्तक देवीपुढे ठेवून दिवसभर हुंदडायला मोकळा. आज त्याची फार आठवण आली म्हणून अकराच्या सुमारास फोन लावला. वाटलं होतं वर्गात असेल, उचलणार नाही. पहिल्या रिंगला उचलला. मागे आवाज म्हणून नाही. पंखा तेवढा.
"कॉलेज नाही?"
"छुट्टी आहे ना. सरस्वती पूजा."
बरं म्हटलं आणि ठेवला. मग हातातलं काम हातातच राहिलं. पुण्यातल्या कॉलेजला सरस्वती पूजेची सुट्टी? तिथे वसंत पंचमी कधी येते नि जाते कुणाला पत्ता नसतो. इथे वाढलेल्या मुलालाच ही थाप सुचणार. त्याला वाटलं असेल, आज सगळीकडेच सुट्टी असते.
मी आयुष्यभर खोटे क्लेम पकडत आले. इतका भाबडा, इतका उघडा खोटेपणा कधी पाहिला नव्हता. रडूच आलं.
हेमंतला सांगितलं नाही. तो लगेच फोन लावेल, ओरडेल, आणि ई. 'हं' म्हणून कायमचा मिटेल. फोनवर नाही. बेटावरच बोलेल तो. रविवार परवा आहे.

२४ जाने., शनि.
दुकान उघडायच्या आधी दारात. घोषबाबू कुलूप काढता काढता म्हणाले, सीलबंद यायला अजून आठवडा तरी लागेल, माल अडकलाय. मी काउंटरवरच्या राखाडीकडे बोट दाखवलं. हा द्या.
"दीदी, एटा तो डिसप्ले पीस."
माहीत आहे.
"आपनिच तर म्हणाला होता—" त्यांची बंगाली-हिंदी-मराठीची खिचडी झाली. बिचाऱ्यांना वाटलं मी परीक्षा घेतेय. झाकणावर ओरखडा आहे, एक बटण किंचित घासलंय. मी दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टात हे पाहिलं असतं तर लाल शाईने लिहिलं असतं. तापमापक पर्समध्येच होतं, काढलं नाही. घेतला आणि थेट घरी. खेळ उतरवायला लावलाय, टक्का टक्का करत चाललाय. जाता-येता बघतेय.
हेमंत म्हणाला, "अग, चक्क न तपासता?" त्याला वाटलं गंमत.

२५ जाने., रवि.
बेट उघडलं. हलत-बिलत नाही, स्वच्छ. ई. आधीच येऊन पुलाच्या टोकाशी उभा. एकट्याने अर्धा पूल बांधून ठेवला होता, म्हणजे गेल्या रविवारी, किंवा रोजच. मी काही विचारलं नाही. लाकडं वाहिली. बऱ्याच वेळाने:
"आई, मी कॉलेजला जात नाही."
हो का, म्हटलं. हात थांबू दिले नाहीत.
"दिवाळीपासून. एक्झामला पण बसलो नाही."
मग भरभरून बोलला, तोडक्यामोडक्या आमच्या घरच्या मराठीत. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये तो म्हणाला होता, मी पाणी खाणार. आपण घरी म्हणतोच की, बंगालीत म्हणतात तसं, हेमंत पण म्हणतो, कुणी कधी टोकलं नाही. तेव्हापासून रोज कुणीतरी त्याच्या ताटात पाणी ओततं. खा म्हणतात. त्याचं नावच बंगाली पडलंय. वर्गात तोंड उघडलं की हशा. मग तोंड उघडणं बंद, मग वर्ग बंद.
"तिकडे मला सगळे मराठी म्हणायचे. इकडे बंगाली म्हणतात. मग मी कोण, आई?"
मी लाकडं खाली टाकली. म्हटलं, "मी येऊ?"
खेळातला त्याचा माणूस पुलावर नुसता उभा. वाटलं, गेला, लाइन तुटली.
"ये," म्हणाला. "पण लॅपटॉप घेऊन ये."

२६ जाने., सोम.
हेमंतला सगळं सांगितलं. ओरडला नाही. खिडकीशी गेला आणि म्हणाला, "आपल्या माणसांत पाठवला आपण." मग तिकिटं बघायला बसला. मी म्हटलं, मी एकटी जाते. त्याला लागलं ते. दिसलं मला. पण ई. ने मला बोलावलंय.
बॅग भरली. राखाडी सगळ्यात वर. खरंच हलका आहे, खांदा कुरकुरला नाही.
विमा ऑफिसला कळवलं, रिपोर्ट उशिरा येईल. नाराज आहेत. असोत.

२८ जाने., बुध. पुणे.
वाळलाय. गालफडं बसलीत. हॉस्टेलच्या दारात मिठी मारायला गेले तर आजूबाजूला बघून मागे सरकला. बोलायचा प्रयत्न केला: खोली दाखव, काय खातोस, चल बाहेर जेवू. हं. हो. नको. तोंडावर तोच फोनचा चेहरा. विमानात ठरवलेलं एकही वाक्य जिभेवर आलं नाही.
शेवटी कँटीनमध्ये जाऊन बसलो. त्याने माझा लॅपटॉप उचलून बघितला. झाकणावरच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला. समोरासमोर उघडले, हेडफोन चढवले. पूल पुरा करायला घेतला. शेजारच्या टेबलावर चार-पाच मुलं आली. त्यातलं एक ओरडलं, "काय रे बंगाली, मम्मी आली?" हसले. ई. ने मान वर केली नाही. मी करणार होते. तोंडात चांगली सणसणीत मराठी तयार होती. पण त्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. नको.
मुलं गेली. पूल पलीकडच्या काठाला लागला. आम्ही दोघं चालत गेलो, तिकडे नुसती वाळू, अजून काही नाही. तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेला, मला नुसता त्याच्या लॅपटॉपच्या वरून कपाळ दिसत होतं. आवाज आला तो हेडफोनमधून, अगदी हळू.
"आई, घरी जाऊया?"
जादवपूरचं वर्ष आता गेलेलं. इथलंही गेल्यात जमा. घरी नेलं तर तो 'हरून आलो' म्हणेल, इथे ठेवला तर मी त्याला टाकून आले असं होईल. हेमंतला विचारायला हवं. वॉर्डनला भेटायला हवं. सगळ्या बाजूंनी बघायला हवं.
कपाळ हलत नव्हतं. वाट बघत होता.
"इथेच बसलेय मी, ठरेपर्यंत कुठे जात नाही," एवढंच म्हटलं.