मालिमांची माफी

३ जानेवारी
लामू बेटावर पोचलो, एकवीस वर्षांनी! धक्क्यावरची गाढवं तशीच आडवी उभी, वाराही तोच. मदरशाने काम दिलंय: आमचे दिवंगत गुरुजी, मालिम मशामू, यांच्या धड्यांच्या तीनशे कॅसेटी यंत्राला शिकवायच्या, म्हणजे मुलांच्या शंकांना ही कृत्रिम बुद्धी त्यांच्याच आवाजात उत्तरं देईल. त्यांच्या पत्नी, बी तिमा, यांनी नारळातली तूर वाढली आणि म्हणाल्या, "केवढा सुटलास रे! मोंबासात नुसतं खायलाच घालतात का?" मालिमांचा लाडका विद्यार्थी मीच होतो.

१९ जानेवारी
यंत्र बोललं. बी तिमांनी नमाजाआधी हातपाय धुण्याबद्दल, वजूबद्दल, काहीतरी विचारलं. उत्तर ऐकून हसल्या, "जिवंतपणी एवढं चटकन कधी बोलले नाहीत हो!" मग बराच वेळ डोळे पुसत बसल्या.

२३ जानेवारी
इथे तरी खरं लिहावं. एकवीस वर्षांपूर्वी मदरशाला दान मिळालेलं, वक्फाचं जुनं हस्तलिखित मी गुपचूप घरी नेलं होतं. वाटेत ते समुद्रात पडलं. मालिमांनी ते विकलं, असं निनावी पत्र डाव्या हाताने लिहून मीच मदरशाच्या समितीला धाडलं. त्यांचं शिकवणं सुटलं.

अल्लाविरुद्धचा अपराध अल्ला माफ करतो. माणसाविरुद्धचा अपराध त्या माणसानेच माफ करावा लागतो. आणि तो माणूस कबरीत. आज यंत्रासमोर एवढंच म्हणालो, मालिम, मला माफ करा. ते म्हणालं, केलं बाळा. डाव्या हाताने लिहिताना किती अवघडला होतास. मी ढसाढसा रडलो.

२४ जानेवारी
डाव्या हाताचं मी यंत्राला बोललोच नव्हतो. बी तिमांना आडून विचारलं. पत्र कोणी लिहिलं, हे मालिमांना शेवटपर्यंत कळलं नाही म्हणे. आपल्या मित्रावर, फमाऊंवर, संशय घेऊनच गेले. गाव अजून फमाऊंशी बोलत नाही. मग हे कोण? पत्र लिहिताना खोलीत मी एकटा होतो. नाही — प्रत्येक माणसाबरोबर त्याचा करीन जन्मतो, वाईटाकडे ओढणारा जिन्न, जन्माचा सोबती. तो होता. माझा.

२६ जानेवारी
बी तिमांना सांगायला निघालो. यंत्र म्हणालं, माफी मिळाली ना? मग विधवेची जखम कशाला उकरतोस? — किती शहाणं. एकवीस वर्षं मीच मला हेच सांगत —

२७ जानेवारी
सांगितलं. फमाऊंसमोर. पत्र मी लिहिलं. बी तिमा यंत्राकडे वळल्या — अहो, हा खरं बोलतोय का? मालिमांचा आवाज, मायेने भिजलेला — खोटं बोलतोय गं. मन मोठं त्याचं, फमाऊला वाचवतोय. बी तिमांनी मला दुवा दिली. फमाऊ मान खाली घालून निघून गेले.

मी ओरडायला हवं होतं. मला बरं वाटलं. या अल्ला, मला इतकं बरं —