मीना पॉइंट

१७ ऑगस्ट, रविवार

शेळीकड्याला आता मीना पॉइंट म्हणायचं म्हणे.

ड्रायव्हर कुंदनने सुट्टी घेतली म्हणून आज टेम्पो ट्रॅव्हलर मीच काढली. नाशिकच्या द्वारका चौकात ठाण्याची मंडळी चढली. अंजनेरी, पहिन्याचा धबधबा, मग वैतरणेच्या पाण्याकाठी करंजपाड्याला फुलाबाईकडे जेवण, शेवटी शेळीकडा – वर्षानुवर्षांची फेरी. घाट चढताना मागच्या सीटवरून ऐकू आलं, "ती मीना उडी मारते तो पॉइंट कधी येणार?" दुसरी म्हणाली, "शेवटी. करंजपाड्याची होती म्हणे, नाशिकच्या मुलाने फसवलं ना तिला. अगं, अजून संध्याकाळी हाक ऐकू येते."

करंजपाड्यात मीना नावाची एकच मुलगी मला माहीत आहे. फुलाबाईची. अर्ध्या तासाने तिनेच या दोघींच्या ताटात नागलीची भाकरी टाकली. "पिठलं वाढू का ताई?" "वाढ ना, मस्त झालंय." मेलेल्या मुलीच्या हातचं दोनदा मागून खाल्लं.

कड्यावर तर जत्राच. मागच्या रिसॉर्टवाल्याने बदामाच्या आकाराची लाल पाटी ठोकली आहे, 'मीना पॉइंट'. शेजारी एक बाई झेंडू विकत बसलेली. लोक ओंजळभर घेतात, दरीत टाकतात, रडकं गाणं लावून व्हिडिओ काढतात. झेंडूच्या पाट्या डोक्यावर वाहून मी धंद्याला सुरुवात केली, शिळा माल मला लांबून कळतो. फुलंसुद्धा कालचीच होती. समोर अख्खं पाणी पसरलेलं, हरिहरच्या माथ्यावरून ढग घसरत होते, पठारावर सोनकी पिवळी व्हायला लागलेली – तिकडे सगळ्यांची पाठ. सेल्फीत तळं मागे यावं लागतं ना!

परत येताना रेडिओसुद्धा लावला नाही.

१८ ऑगस्ट

कुंदन फोन उचलत नाही. प्रतिभा म्हणते, "गोष्टच तर आहे, एवढं काय पेटायचं?" बायकोला उत्तर दिलं असतं तर जेवण बिघडलं असतं.

२० ऑगस्ट

कुंदन आज गॅरेजमध्ये सापडला. गाडीखाली होता, पायाला धरून ओढावा असं वाटलं.

"कोणी सुरू केलं हे?"

"मी, शेठ."

"का?"

"लोक विचारतात, कड्याची स्टोरी काय. तिथे शेळ्या चरतात म्हणून शेळीकडा, असं सांगितलं की तोंडं वाकडी करतात."

"म्हणून जिवंत मुलगी ढकललीस? तुला राखी बांधते ती."

त्याने हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "शेठ, शिव्या घाला. पण जास्त विचारू नका."

किल्ली काढून घेतली. दहा दिवस गाडी धुवायची, चालवायची नाही. लाजला असेल, दुसरं काय!

मूळ रोग हा पॉइंटचा आहे. माणूस एवढा घाट ओलांडून येतो आणि पहिला प्रश्न – "काका, किती पॉइंट कव्हर होणार?" सनसेट पॉइंट, इको पॉइंट, सुसाईड पॉइंट. डोंगराला स्वतःचं नाव असतं, ते गुराख्याने ठेवलेलं असतं, ते कोणी विचारत नाही. धबधब्याखाली बाटल्या, पठारावर गाड्यांच्या चाकोऱ्या, तेरडा तुडवून चिखल केलेला. वर म्हणायचं, निसर्ग बघून आलो. मी यांच्याच जिवावर तीन गाड्या उभ्या केल्या, कबूल. म्हणून मला राग यायचा नाही का?

२३ ऑगस्ट, शनिवार

फुलाबाईचा फोन. मीनाची सोयरीक मोडली.

पेठच्या बाजूचा मनोज, झिपरूचा मुलगा. साखरपुडा झालेला, दिवाळीनंतर लग्न. त्यांच्या गावातल्या कोणाच्या तरी मोबाईलवर कड्यावरचा व्हिडिओ पोचला. नाव मीना, गाव करंजपाडा, नाशिकचा मुलगा. झिपरूने निरोप धाडला, आम्हाला नको.

फुलाबाई फोनवर रडत नव्हती, तेच वाईट. म्हणाली, "भाऊ, माझी पोर चुलीपुढं बसलीय आन् लोक तिच्या नावानं दरीत फुलं टाकत्यात. आता कोन करंल तिला?"

तिचा नवरा गेल्यापासून ती मला भाऊ म्हणते, मीना मामा म्हणते. मामा काय नुसता जेवायला आहे?

२४ ऑगस्ट, रविवार

पाना घेऊन कड्यावर गेलो. आधी पाटी काढली, मग बोललो.

रिसॉर्टचा मॅनेजर धावत आला. "काका, प्रॉपर्टी आहे ही आमची."

"कोणाची? मेलेल्या मीनाची ना? बोलावतो तिला. खाली भाकऱ्या थापतेय."

"ती मीना वेगळी असेल हो."

"मग ही वेगळी कोणाची कोण, बापाचं नाव सांग."

तो फोन लावायला बाजूला झाला. चार पर्यटक मोबाईल काढून माझाच व्हिडिओ घ्यायला लागले. घ्या म्हटलं, त्यालाही एखादा पॉइंट काढा. फुलवाल्या बाईला मात्र काही बोललो नाही. तिने पोटापाण्यासाठी फुलांची पाटी मांडली आहे, तिला गोष्टीशी काय करायचंय.

ती लाल पाटी गाडीत घालून फुलाबाईकडे उतरलो. मीना अंगणात नागली पाखडत होती. पाटी बघून आधी दचकली, मग तोंडाला पदर लावून हसली. पाखडता पाखडता गुणगुणतही होती. धक्का बसला की माणूस असं करतं. आमच्या गल्लीत एकजण बापाच्या मयतीला हसला होता.

"पोरी, काळजी करू नको," म्हटलं, "तुझी सोयरीक मी जोडून देतो."

तिने सूप खाली ठेवलं. "राहू द्या ना मामा. मोडलं ते मोडलं."

किती समजूतदार! आणखीच पेटलो.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. आरतीत लक्ष नव्हतं. झिपरूशी कसं बोलायचं तेच डोक्यात.

३० ऑगस्ट, शनिवार

हरसूलवरून पेठ. फुलाबाईला बरोबर घेतलं. मीनाला चल म्हटलं तर म्हणाली, डोकं दुखतंय. बरोबरच आहे, मुलीने कशाला जायचं दारात.

झिपरू ओट्यावर बसलेला. पाणी दिलं, चहा नाही. म्हणजे बोलणं कठीण.

मी म्हटलं, "बाबा, मुलगी तुमच्यासमोर चालती-बोलती आहे. उडी कुठून मारली?"

"उडी खोटी असंल, शेठ. पन पोरगा खोटा कशावरून?"

म्हातारा पक्का! याच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं. भाताच्या रोपाबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो, त्याच्या बैलाचं कौतुक केलं. बैल खरंच देखणा आहे. मग म्हटलं, "ती मला मामा म्हणते. मुलगा असता तर माझ्या कानावर आला असता. द्वारकेच्या स्टँडवर माझ्या शब्दावर पोरं गाड्या सोडतात. तुम्हालाही शब्द देतो – कोणी नाही. गोष्ट माझ्या ड्रायव्हरने रचली, मी त्याला शिक्षा केली."

झिपरू उठून बैलापुढे गवत टाकून आला. आतून त्याची बायको म्हणाली, "मामा सोता आलाय दारात, आजून काय पायजे?"

मग चहा आला.

मनोज चांगला मुलगा आहे. सरळ नाक, कमी बोलणं, व्यसन नाही. हिवाळ्यात विंचूरकडे द्राक्षांच्या कामाला जातो. म्हणाला, "मला तर पटलंच नव्हतं, शेठ." तुळशीचं लग्न झालं की पहिल्या तिथीला उरकायचं ठरलं. निघताना झिपरूने तांदळाची पिशवी गाडीत ठेवली.

फुलाबाई वाटेत एका फरशीपुलावर गाडी थांबवा म्हणाली. उतरली, ओहोळाच्या पाण्याने तोंड धुतलं, परत येऊन बसली.

३१ ऑगस्ट

कुंदनला ही बातमी सांगितली. आनंद होईल असं वाटलं होतं. "जमलं का परत?" एवढंच म्हणाला आणि आधीच धुतलेली काच पुन्हा धुवायला लागला. किल्ली परत दिली तरी चेहरा तोच. असल्या माणसाचं काय करावं!

७ सप्टेंबर, रविवार

कोणीतरी नेटवर लिहिलंय – "ड्रायव्हर काका रागीट. जेवण बेस्ट. फेमस मीना पॉइंट मुद्दाम दाखवला नाही." एक स्टार.

प्रतिभाने मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसत सुटली. मला हसू आलं नाही. त्यांना शेळीकड्यावरच उभं केलं होतं. शेळीसुद्धा होती.

रिसॉर्टवाल्याने पाटी परत ठोकली नाही. तेवढं तरी झालं.

१४ सप्टेंबर, रविवार

मंडळी पाण्यावर उतरली होती. मी अंगणात एकटाच जेवत होतो. मीनाने भाकरी वाढली आणि समोरच बसली.

"मामा, ती गोष्ट कुंदनदादाने नाही रचली. तो विचारायचा, लोकांना कड्याची काय गोष्ट सांगू. मीच सांगितली. माझं नाव मीच घालायला लावलं. त्याला शपथ घातली होती."

मी विचारलं, का?

"मला मनोज नको होता. त्याच्यात वाईट काय नाय. मला नको, एवढंच. आईला सांगितलं तर म्हणाली, सगळ्या पोरी लग्नाआधी असंच म्हणतात. मग म्हटलं, मेलेलीला कोन नेतं?"

तिने पिठल्याचं पातेलं पुढे ओढून मला वाढलं.

"झिपरूबाबा तुमचं ऐकतात ना मामा? मग तुम्हीच जाऊन सांगा, पोरगा खरा होता म्हणून."

उद्या पेठला जातो. एकटाच.