डी ड्राइव्हवर हलवलेलं बिऱ्हाड

नागाव,
मार्गशीर्षातला गुरुवार

प्रिय गणू,

'प्रिय' लिहिलं ते सवयीनं. खोडणार होते, पण खाडाखोड केलेला कागद मला आवडत नाही, म्हणून राहू दिलं. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू हां ताई, हो ताई करतोस आणि मग तुझी रेंज जाते. भाऊबीजेलासुद्धा जेमतेम पनवेलहून नागावला यायचं होतं, तर तुझी रेंजच गेली. म्हणून लिहायला बसले. दुकानाचं शटर अर्धं ओढलंय, तुझे भाऊजी जेवायचे खोळंबलेत. खोळंबू देत.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवसाची आठवण आहे का रे? माझ्या घरच्या पुरणपोळ्या चेपून तू दुकानात आलास आणि कॉम्प्युटरपुढे बसलास. ताई, सी ड्राइव्ह भरत आलाय, बिचारा धापा टाकतोय, सगळे प्रोग्राम बाहेरून लावलेल्या माझ्या मोठ्या डिस्कवर हलवतो. तिचं नाव डी. पुढे जे जे नवीन टाकशील तेही आपोआप तिकडेच जाईल, तुला काही बघायला नको. मग पासवर्ड विचारलास. तो मीच घातला, माझ्या या हातांनी. वर चहा दिला. गोदूमावशी ब्लाऊजचं माप द्यायला आली होती, तिला कौतुकानं म्हटलं, माझा भाऊ बघ गो, दुकानाची काळजी माझ्यापेक्षा त्यालाच जास्त. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

गणपती विसर्जन झालं आणि तुम्ही दोघं मृणालीच्या माहेरी चार दिवस जाऊन येतो म्हणून निघालात. करंज्यांचा डबा मीच भरून दिला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडते तर काय, पडद्यावर सगळी चित्रं जागच्या जागी, पण पांढरी फटक. भरतकामाच्या डिझाइनचा प्रोग्राम, बिलाचा प्रोग्राम, सगळे. दाबावं तर इंग्रजीत सांगायचं की तू मागतेस ते जिथे होतं तिथे आता नाही. मला वाटलं, माझ्याच हातून काही बिघडलं. तुला फोन केला. तू म्हणालास, केबल हलली असेल, बघ. केबल! डिस्क तुझ्या बॅगेत, आणि मी चाळीस वर्षांची बाई टेबलाखाली पालथी पडून केबल शोधतेय. मेल्या, तेव्हा तरी सांगायचंस.

ते चार दिवस काही संपले नाहीत. तुझ्या नव्या दुकानाची पाटी मी तुझ्या स्टेटसला पाहिली, गावातल्या सगळ्यांनी पाहिली तशीच.

मग मी म्हटलं, ठीक आहे, मी काही इतकी ढ नाही. डिझाइनचा प्रोग्राम नव्यानं टाकायला घेतला. तर तो डी कुठे आहे, डी कुठे आहे करत अडून बसला. तू गेलास, पण कॉम्प्युटर तुझ्याच वाटेकडे डोळे लावून. एकदा भरतकामाच्या मशीनचा पेन ड्राइव्ह लावलेला होता तेव्हा मात्र सुरळीत बसला. मी देवाला साखर ठेवली. डिझाइन काढलं, पेन ड्राइव्हवर घेतलं, पेन ड्राइव्ह काढून मशीनला लावला आणि प्रोग्राम मेला. परत लावला, परत जिवंत. आठवडाभर हेच चाललं होतं. मग कळलं की त्या पेन ड्राइव्हलाच डी समजून सगळं बिऱ्हाड त्याच्यावर जाऊन बसलंय. हसू नकोस. तू हसलेला मला इथे ऐकू येतोय.

त्यातच अमिषाची हळद. गोदूमावशीची एकुलती एक लेक, घरातल्या झाडून सगळ्या बायकांना सारखे पिवळे ब्लाऊज, पाठीवर ज्या-त्या बाईचं नाव. तुळशीचं लग्न लागलं की लगेच द्यायचे होते. मशीन दोन नावं भरायचं आणि पेन ड्राइव्ह त्यातच, म्हणून पुढच्या डिझाइनला मी अडकायची. शेवटी नवरीचा एक ब्लाऊज पुरा केला आणि बाकीचे कपडे मावशीला नुसते शिवून परत दिले. हळदीत सगळ्या बायका कोऱ्या पाठीनं नाचल्या. मावशीच्या जावा बोलल्याच. भाऊ होता तोवर दुकान होतं, म्हणाल्या. आणि मी काय सांगितलं असेल? सांगितलं, कॉम्प्युटरात व्हायरस शिरला. तुझं नाव नाही घेतलं. माझ्या बापाच्या पोरानं मला फसवलं हे चारचौघींत मला बोलवेना.

अखेर अलिबागहून सुजितला बोलावलं, तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यानं तू बदलून ठेवलेली जागा पुन्हा सीवर आणली आणि प्रोग्राम मुळात जिथे बसतो तिथे बसवला. म्हणाला, वहिनी, हे घाईत केलेलं काम नाही, कुणीतरी निवांत बसून केलंय. मी म्हटलं, हो, पुरणपोळी खाऊन केलंय. तरी तोवर मी मनाची समजूत घालत होते की शिमग्याला तुझ्या मनात काही नसेल, मागाहून फिरलं असेल. परवा आईच्या तोंडून निसटलं. पनवेलचा गाळा तू माघातच पाहून ठेवला होतास. म्हणजे माझ्याकडे पासवर्ड मागताना तुला ठाऊक होतं. गणू, डिस्क तुझीच होती, मशीन शिकायलाही आपण दोघं मिळून गेलो होतो. तुला वेगळं व्हायचं होतं तर व्हायचंस, मी रडले असते, भांडले असते, पण वास्तूला नारळ घेऊन आले असते. तू सहा महिने माझ्या घरचं जेवलास आणि रोज माझ्यापासून लपवलंस. ते मला गिळता येत नाही.

आणि तुझंही अडलंच ना? आईचा फोन आला, त्यातच सगळं कळलं. तिकडे तुझा प्रोग्राम उघडत नाही. सुजित म्हणतो, प्रोग्राम म्हणजे नुसता फोल्डर नव्हे, त्याची अर्धी मुळं या कॉम्प्युटरात राहतात. शिवाय ती निळी चावी. पेन ड्राइव्हसारखी कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचलेली, जिच्याशिवाय प्रोग्राम हूं की चूं करत नाही, ती तू विसरलास. आई म्हणाली, ती निळी चावी हाय ना गो तुझ्याकडं, दोन दिवसांपुरती धाडून दे. मी विचारलं, इतकी कसली घाई? ती गुडघ्याचं सांगायला लागली. मी पुन्हा विचारलं. मग म्हणाली, मृणालीचं डोहाळजेवण हाय, हिरव्या ब्लाऊजवर भरायचंय.

सातवा महिना, गणू. म्हणजे करंज्यांचा डबा घेऊन निघालात तेव्हाही ती पोटुशी होती, आणि माझ्या पाया पडून गेली. आई गुडघ्याच्या औषधासाठी तुझ्याकडे राहायला गेली, असं मला सांगितलं होतं. मी आत्या होणार, हे मला एका चावीपायी कळावं? त्या दिवशी मी मशीन बंद करून बसून राहिले.

चावी पाठवत नाही. ती काढली तर माझं काम बंद पडेल, आणि आता ते मी कुणासाठी बंद पाडणार नाही. सोबत ब्लाऊज पाठवतेय. हिरवा, बाह्यांवर पोफळीची झाडं, पाठीवर पाळणा. मृणालीचं माप माझ्याकडे होतं, त्यात आता लागेल तेवढं वाढवलंय. तो तिच्यासाठी आहे, तुझ्यासाठी नाही. डोहाळजेवणाला मी येणार नाही. पण बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला आत्याच लागते, आणि ती आईकडून निरोप धाडून येत नसते. तू इथे ये, माझ्यासमोर उभा राहा आणि तुझ्या तोंडानं मला बोलव. डिस्क आणू नकोस.

तुझीच, आणि हे मात्र सवयीनं नाही,
नूतनताई