पहिल्या पानावरचा पूर्वपक्ष

गुरुजी,

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि आज साहेबाने मला केबिनमध्ये बोलावून तुमच्यामुळे झापलं.

हल्ली मी इथे, कॅनडात, एका प्रोव्हिन्सच्या करखात्यात आहे. कायद्यात तांत्रिक बदल करायचे तर आधी जनतेचं मत मागवायचं, ही इथली रीत. रीत चांगलीच; फक्त मसुदा असा लिहायचा की जनतेने त्याच्या वाऱ्याला उभं राहू नये. या खेपेचा मसुदा तीन महिने वेबसाइटवर लटकला होता, छापील प्रतींचा गठ्ठाही काउंटरवर ठेवला होता. उत्तरं आली तीन. एक अकाउंटंट लोकांच्या संघटनेचं, 'हरकत नाही' एवढंच. दुसरं रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल, त्याचा आमच्याशी काडीचा संबंध नाही. तिसरं वहीच्या कागदावर, हाताने लिहिलेलं, एका निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर बाईंचं.

या बाई दर ऑक्टोबरात चर्चच्या बेसमेंटमध्ये मुलांचे वापरलेले स्नोसूट विकतात. उणे तीसमध्ये पोराला असा अंगभर पोशाख लागतोच, आणि पोर दर वर्षी त्यातून वाढून बाहेर पडतं. नवीन आलेली कुटुंबं तिथे रांग लावतात. माझ्या लेकीचा पहिला स्नोसूटही तिथलाच, जांभळा, गुडघ्याला ठिगळ लावलेला. आमच्या एका कलमामुळे वर्षातून एकदाच विक्री करणाऱ्यांनाही नोंदणी करून दर तिमाहीला विवरणपत्र भरावं लागणार होतं. मी खुलाशासाठी फोन केला. "हनी, मी आयुष्यभर बस चालवली, फॉर्म नाही भरले," बाई म्हणाल्या. "हे आलं की मी दुकान बंद करणार." आणि वर, "हे सगळं तू तरी वाचलंस का?"

मंत्र्यांसाठी सारांश मी लिहायचा होता. लिहायला बसले आणि तुमचं स्वयंपाकघर समोर आलं. काकू देवळात गेल्या आहेत, तुम्ही विळीवर बसून नारळ खवताय, मी दारात उभी राहून वाद मांडतेय. प्रतिपक्षाला मी एका वाक्यात उडवून लावते. तुमचा हात थांबतो. "अगं पंडिते, एवढा बावळट विरोधक मिळाला तर शेजारची म्हैससुद्धा सभा जिंकेल. आधी पूर्वपक्ष, म्हणजे त्याचं म्हणणं, असं मांड, की त्यानेच मान डोलवावी. तोवर उत्तर द्यायचा तुला अधिकार नाही." मग तीन दिवस मला फक्त विरुद्ध बाजूच मांडायला लावलीत. चौथ्या दिवशी हातावर मूठभर खोबरं ठेवलंत. माझ्याकडचं ते एकमेव प्रमाणपत्र. खाऊन टाकलं, म्हणून इथे कुणाला दाखवता येत नाही.

तर मी पहिलं पानभर बाईंचा पूर्वपक्ष मांडला. बस, बेसमेंट, रांग, पहिला हिवाळा, सगळं. फोनवर वाचून दाखवला तेव्हा बाई म्हणाल्या, "मला असं जमलं नसतं." खात्याचं उत्तर दुसऱ्या पानावर, तेही प्रामाणिकपणे लिहिलेलं. मंत्र्यांच्या ऑफिसने पहिलं पान वाचलं, ती आमचीच शिफारस समजून कलम वगळलं आणि मोकळं झालं.

"आपली बाजू दुसऱ्या पानावर? हू डज दॅट?" साहेब ओरडला.

"आमच्या गुरुजींची पद्धत आहे."

"मग त्यांना सांग, इथे लोक पान उलटत नाहीत!"

"सांगते," म्हटलं. म्हणून हे पत्र, उरलेल्या मसुद्याच्या कोऱ्या पाठीवर. तसे भरपूर कागद उरलेत, जनतेने नेलेच नाहीत. पाठवायला तुमचा पत्ता नाही, तेव्हा खणातच राहील. त्याच भरवशावर एक लिहून ठेवते. साहेबासमोर सगळा दोष तुमच्यावर ढकलला, कारण तुम्ही नाकारायला येणार नव्हतात. आणि इथे कुणी पान उलटत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.